डाव्या बाहीचं रफू

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुणी काही देऊ नये. दिलंच, तर परतफेड झेलायची तयारी ठेवून द्यावं. त्या खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. चुली दोन, जिना एक. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मोठ्या हौसेनं मी त्यांना वाटीभर भाजी नेऊन दिली. जिना चढून मी वर येते न येते, तोच जाऊबाई मागोमाग हजर. वाटी घासलेली, पुसलेली आणि त्यांच्याकडच्या भाजीनं काठोकाठ भरलेली.

"अहो वहिनी, एवढी काय घाई होती?" मी म्हटलं.

"उगाच कुणाचं राहायला नको," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

कुणाचं म्हणजे माझं! नव्या नवरीला एका वाक्यात परकी करून टाकलं. नवऱ्याकडे तक्रार केली तर तो हसला. म्हणाला, "वहिनीला द्यायला येतं, घ्यायला येत नाही. तू मनावर घेऊ नकोस." मी अर्थातच मनावर घेतलं.

त्यानंतर मी किती वाट्या खाली नेल्या त्याला गणती नाही. एकही रिकामी परत आली नाही आणि एकही खाली मुक्कामाला राहिली नाही. त्यांना ताप आला तेव्हा मी उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या. ताप उतरल्या उतरल्या बाई शिडी घेऊन वर आल्या आणि लटपटत्या पायांनी माझ्या खिडक्या पुसायला लागल्या. शेजारच्या न्हाव्यानं एकदा जाऊबाईंच्या दुकानाचं अडकलेलं शटर वर ढकलून दिलं, तर त्याच्या सगळ्या टॉवेलांना यांनी नव्या कडा शिवून दिल्या. आता शटर अडकलं की न्हावी आत जाऊन तोंड लपवतो.

"मिंधं राहिलं की मला अन्न गोड लागत नाही गं," त्या म्हणतात.

जाऊबाईंचा धंदा रफूचा. खालची पुढची खोली म्हणजेच दुकान. एक लांब टेबल, मान वाकवता येणारा दिवा, सुयांची डबी आणि डोळ्याला लावायचं भिंग. कसर लागलेली शाल, सिगारेटनं जळलेली पँट, कुत्र्यानं ओढलेला ओव्हरकोट, सगळं तिथे येतं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्या धागे काढतात आणि भोकावर उभा-आडवा धागा विणत जातात. काम झाल्यावर कपडा उजेडात धरून बघा, भोक कुठे होतं ते सांगता येत नाही. गिऱ्हाइकं तोंडभरून कौतुक करतात. मला कधी कधी त्याचा रागच येतो. घडलेलं घडलंच नाही असं करून टाकायची ही कसली हौस!

त्याच खोलीत, खिडकीशी, आमचे सासरे बसतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांच्या आठवणीची आता चाळणी झाली आहे. थोरले दीर कामासाठी सतत फिरतीवर, मी आणि माझा नवरा नोकरीवर, त्यामुळे दिवसभर आप्पा जाऊबाईंच्या नजरेखाली. आप्पांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमध्ये त्यांनी आतून घराचा पत्ता शिवून टाकला होता. मला ते आवडलं नव्हतं.

"माणूस आहे का लॉन्ड्रीत टाकायचा कपडा?" मी विचारलं होतं.

"कपडा हरवला तर भरपाई देता येते," त्या म्हणाल्या.

तर थंडीतली एक सकाळ. मला सुट्टी होती. खालून जाऊबाईंची हाक आली. त्या कधी हाक मारत नाहीत. हाक मारली की ऐकणाऱ्याचे उपकार होतात. धावत खाली गेले. एका वकिलाचा काळा कोट टेबलावर, भिंग जमिनीवर, दार सताड उघडं, खिडकीशी खुर्ची रिकामी. नुसत्या सदऱ्यावर आप्पा बाहेर पडले होते.

"माझ्यासमोरून गेले गं. मी इथेच बसले होते. मला दिसलेच नाहीत," एवढंच बोलून जाऊबाई चपला न घालता रस्त्यावर धावल्या. मी दुसरीकडे. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. किराणावाला, फुलवाली, सायकलवाला, सगळ्यांना विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. मी परत आले तेव्हा जाऊबाई दारात उभ्या होत्या, आणि कोपऱ्यावरचा औषधवाला आप्पांचा हात धरून समोरून येत होता. आप्पांच्या अंगावर करड्या लोकरीचा बायकी कोट होता, तोही खांद्यावर ऐटीत टाकलेला.

"एक बाई माझ्या दुकानाशी आणून सोडून गेली," औषधवाला म्हणाला. "पुढच्या बसथांब्यावर कुडकुडत बसले होते म्हणे. कॉलरमधला पत्ता तिनं वाचला. नाव विचारेपर्यंत पळाली. मला उशीर होतोय म्हणाली."

आप्पा मात्र खुशीत. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "छान बाई होती. तिच्या हातात मांजर आहे."

"मांजर घेऊन आली होती?" मी विचारलं.

"घेऊन नाही गं. हाताच्या आत. घुरघुरतं."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

जाऊबाई रडल्या नाहीत. आप्पांना गरम पाणी दिलं, पाय चोळून दिले, दाराला वर आणखी एक कडी लावून घेतली. मग कोट हातात घेतला आणि तिथून जी तगमग सुरू झाली ती काही थांबेना. "अगं, ती बाई या थंडीत कोटाशिवाय गेली!" दर थोड्या वेळानं हेच. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या आणि कापसाचा एक बोळा, बाकी काही नाही. नाव नाही, गाव नाही. घरचा माणूस परत मिळाला होता, आणि ज्या बाईनं तो दिला तिला देण्यासारखं जाऊबाईंच्या हातात काहीच नव्हतं. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

मग कोट उलटसुलट करताना त्यांना डावी बाही दिसली. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत आतल्या बाजूनं फाट होती, कापड आणि अस्तर दोन्हीला. आणि ती मिटवायला ओळीनं सेफ्टी पिना लावलेल्या.

"बिचारी! पिना लावून दिवस काढतेय," जाऊबाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. सापडली होती परतफेड.

आता, खिळ्याला अडकलेलं कापड काटकोनात फाटतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. ही फाट सरळ होती, पट्टी ठेवून आखल्यासारखी. मी म्हटलंही, "वहिनी, ही फाटलेली नाही, कापलेली दिसते."

"कापलेली असो नाहीतर उंदरानं खाल्लेली असो, मिटवायची मला आहे ना?"

वकिलाचा कोट बाजूला पडला. जाऊबाई त्या बाहीवर वाकल्या त्या वाकल्याच. आतल्या शिवणीतून धागे काढायचे, एक एक धागा ओवायचा, भरायचा. मान दुखली की उठून दारापर्यंत चकरा मारायच्या, कडी तपासायची, आप्पांकडे बघायचं, पुन्हा बसायचं. झाल्यावर मी बाही उजेडात धरली. खरं सांगते, बोट फिरवूनही समजत नव्हतं. त्यांच्या हातून इतकं सुंदर काम मी पाहिलं नव्हतं. पिना त्यांनी डबीत टाकून दिल्या.

आता उरली ती बाई. रोज सकाळी आप्पांना न्याहारी भरवून, त्यांना दोन दोन बनियन चढवून, कोट हातावर टाकून जाऊबाई त्या बसथांब्यावर उभ्या राहू लागल्या. आप्पांनी ओळखावं म्हणून त्यांनाही बरोबर न्यायच्या. आप्पांनी आपलं काम फारच मनावर घेतलं. थांब्यावर येईल त्या बाईचा हात हातात घेऊन ते डोळे मिटायचे, मन लावून चाचपायचे आणि म्हणायचे, "नाही. मांजर नाही." काही जणी हसल्या. एकीनं छत्री उगारली. जाऊबाई छत्रीवालीची माफी मागून पुढच्या बसची वाट बघायच्या.

दुकानाची दैना झाली. वकिलाच्या कोटावरचं रफू चक्क दिसत होतं. तो नाक मुरडून गेला. सुई बोटात शिरायची. वारा सुटला की मान खिडकीकडे, मग खुंटीवरच्या कोटाकडे. "आज फारच गार आहे," त्या म्हणायच्या, "दुसरा कोट असेल का गं तिच्याकडे?"

"वहिनी, असेल हो. आणि नसला तर घेईल."

"पिना लावून वापरणारी कुठून घेईल?"

मी एकदा वैतागून म्हटलं, "तिनं काही मोबदल्यासाठी केलेलं नाही. कुणी चांगलं वागलं तर तेवढं घेऊन गप्प बसावं कधी माणसानं!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विष खायला सांगितलं होतं. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही.

शेवटी एका बसवाल्यानंच हे कोडं सोडवलं. थांब्यावर बस उभी असताना ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ओ ताई, हा कोट इस्पितळवाल्या बाईंचा ना?"

जाऊबाई बसच्या पायरीवर चढूनच गेल्या. ड्रायव्हर सांगू लागला. बाई एक दिवसाआड त्याच्या पहिल्या गाडीनं इस्पितळात जाते. या थांब्यावर ती चढतही नाही, उतरतही नाही. त्या दिवशी तिची पहिली गाडी चुकली होती. मागच्या गाडीनं जाताना खिडकीतून म्हातारे गृहस्थ दिसले, तशी थांबा थांबा म्हणत उतरली म्हणे. "हल्ली नुसती शाल गुंडाळून येतात," तो म्हणाला. "काल तर हात चोळून चोळून लाल झाले होते."

हे शेवटचं त्यानं सांगायला नको होतं. ती रात्र जाऊबाईंनी कशी काढली असेल ते मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होतं.

पहिल्या गाडीसाठी आम्ही दोघी अंधारात निघालो. आप्पांना न्हाव्याच्या घरी बसवलं. "आता न्हाव्याचं राहिलं," मी मुद्दाम म्हटलं. जाऊबाईंना ऐकूच आलं नाही. एका हातात कोट, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत मफलर, हातमोजे, जेवणाचा डबा, फळं. जणू बाई परदेशी चालली होती. इतकं करून पहिली गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढच्या गाडीनं पोचलो.

इस्पितळात कोट दाखवून विचारत विचारत एका भागात पोचलो, तेव्हाच मला वास्तविक कळायला हवं होतं. लांब खोली, ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेशी एक यंत्र. मूत्रपिंडं काम करेनाशी झालेल्या माणसांचं रक्त तिथे यंत्रातून साफ करून परत शरीरात सोडतात. पण जाऊबाईंचं लक्ष यंत्राकडे नव्हतंच. बाहेरच्या बाकावर शाल गुंडाळून एक काटकुळी, हसऱ्या डोळ्यांची बाई बसली होती. जाऊबाईंनी काही न विचारता कोट तिच्यापुढे धरला.

"अगंबाई!" ती बाई उठलीच. "आमचं पार्सल सुखरूप आहे ना?"

ती पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर काम करत होती. "कॉलरमध्ये पत्ता होता," ती मला म्हणाली. "पत्ता असलेलं पार्सल पोचतं करणं हे माझं कामच. फक्त पोच घ्यायला वेळ नव्हता, इथली खाट दुसऱ्याला गेली असती."

जाऊबाईंनी तिला कोट चढवला. बटणं लावून दिली. मग न राहवून म्हणाल्या, "बाही बघा ना. डावी."

पार्सलवालीनं बाहीवर हात फिरवला. कोपरापर्यंत आली, थांबली. पुन्हा मनगटाकडे गेली. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. क्षणभर तिचा चेहरा पडला आणि लगेच तिनं तो सावरला.

"किती सुंदर केलंत हो," ती म्हणाली. "कुठे होतं तेही कळत नाही. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं."

जाऊबाईंनी सुस्कारा सोडला. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले.

मग सिस्टरनं आतून हाक मारली आणि पार्सलवाली आत गेली. आम्ही दारातच उभ्या. सिस्टरचा आवाज ऐकू आला. "हे काय? बाही शिवून टाकलीत? आता सुया कुठे टोचू?"

"हळू बोला," पार्सलवाली म्हणाली. "काढते ना कोट. एक दिवस काही होत नाही."

"गेल्या वेळी दात वाजत होते तुमचे. यंत्र सुरू झालं की थंडी भरते, तुम्हीच सांगता. म्हणून तर कापलीत ना बाही?"

मी जाऊबाईंकडे बघू शकले नाही. करायला गेल्या काय आणि झालं काय! ती फाट म्हणजे त्या बाईची सोय होती. हात तेवढा उघडा राहावा, बाकी अंग गरम राहावं, म्हणून आपल्या एकुलत्या एका चांगल्या कोटाला तिनं स्वतः कात्री लावली होती. आणि आमच्या बाईंनी जीव ओतून ती सोय बंद केली होती, अशी, की कुणाला सापडूही नये.

पार्सलवाली बटणं काढत होती. जाऊबाई तरातरा आत गेल्या. सिस्टर "ओ, ओ" म्हणत राहिली.

"काढू नका कोट," जाऊबाई म्हणाल्या. "कात्री द्या."

"राहू द्या हो. एवढं सुंदर काम..."

"कात्री द्या मला."

सिस्टरनं पट्टी कापायची कात्री दिली. जाऊबाईंनी बाही ताणून धरली. आपण केलेलं रफू त्यांनी जन्मात कधी उसवलं नव्हतं. आणि हे तर उसवण्यासारखं ठेवलंच नव्हतं. त्यांना आधी जागाच सापडेना. बोटानं चाचपत राहिल्या. मग अंदाजानंच कात्री घातली आणि मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत सरळ कापत गेल्या. मला रडू आलं. मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले.

बाही उघडली. आतून त्या बाईचा हात दिसला, जागोजागी सुयांचे व्रण, कातडीखाली दोरासारखी फुगलेली शीर. धरायला म्हणून जाऊबाईंनी त्यावर हात ठेवला आणि दचकून काढून घेतला.

"घाबरू नका," पार्सलवाली हसली. "सुया टोचायला सोपं जावं म्हणून ऑपरेशन करून शीर जोडतात, तेव्हापासून ती अशी थरथरते. तुमच्या वडिलांनीही धरून ठेवला होता हात. सोडेचनात."

जाऊबाईंनी पुन्हा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मांजर आहे गं."

सुया टोचल्या, यंत्र सुरू झालं. जाऊबाई पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागल्या. मफलर, मोजे, डबा. पार्सलवालीनं उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"ते सगळं राहू द्या. चार तास जाता जात नाहीत इथे. बसता का थोडा वेळ?"

नुसतं बसायचं! हातात सुई नाही, कापड नाही. जाऊबाई स्टुलाच्या कडेवर टेकल्या. कधीही उठतील अशा. पाय हलत होता. पार्सलवालीनं कोटाच्या खिशातून पेपरमिंटची गोळी काढून त्यांना दिली. जाऊबाईंचा हात लगेच पिशवीकडे गेला.

"उं हूं," पार्सलवाली म्हणाली. "नुसती खा."

जाऊबाईंनी गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तोंडात टाकली. हळूहळू पाय हलायचा थांबला. यंत्र संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले होते.

कोट आम्ही घरी आणला नाही. तिला तोच घालून जायचं होतं. पुढच्या खेपेला जाऊबाई सुई-दोरा घेऊन गेल्या आणि तिथेच बसून बाहीच्या कडांना पट्टी शिवली, दाबायची बटणं लावली. अजूनही मधूनमधून जातात, बहुधा रिकाम्या हातानं. तगमग मात्र संपली म्हणणार नाही मी. कडी दिवसातून दहादा तपासतात, आप्पा नुसते खाकरले तरी सुई टाकून धावतात.

पण परवा मी भोपळ्याचं सूप केलं आणि सवयीनं त्यांना वाटीभर नेऊन दिलं. वर आले आणि पुढची भरलेली वाटी झेलायला तयार होऊन बसले. कुणी आलं नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माझाच जीव वरखाली. आजारी तर नाहीत? रागावल्या की काय? जिन्यात दोनदा डोकावून आले.

तिसऱ्या दिवशी जाऊबाई वर आल्या. हातात वाटी, घासलेली, पुसलेली आणि रिकामी.

"छान झालं होतं," त्या म्हणाल्या. जरा घुटमळल्या. पाय जिन्याकडे वळले होते, ते त्यांनी परत आणले. "आणखी आहे का गं?"

मी पाठ फिरवली आणि उगाचच सगळी भांडी हुडकत राहिले. सूप तर केव्हाच संपलं होतं. "बसा वहिनी," मी म्हटलं, "आत्ता करते." आणि त्या बसल्या.